ठुमरीचे माहेर : वाजिद अली शाह आणि लखनौ

१८५६ साली ईस्ट इंडिया कंपनीने अवधचे राज्य खालसा केले, तेव्हा जी कारणे पुढे करण्यात आली त्यांत राजाचे संगीतवेड हे एक ठळक कारण होते. त्यापूर्वी डलहौसीने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर व झाशी ही राज्ये घेतली, ती औरस वारस नसल्याचे निमित्त करून. लखनौत ती सोय नव्हती. वाजिद अली शाह स्वतः हयात होते, त्यांना मुलगे होते, आणि कंपनीशी त्यांच्या घराण्याने गेल्या कित्येक दशकांत युद्धही पुकारलेले नव्हते. उलट, या घराण्याने कंपनीला तिच्या अडचणीच्या काळात कोट्यवधी रुपये कर्जाऊ दिले होते. तेव्हा राजा कारभार पाहत नाही, गवई आणि नर्तकी यांच्या संगतीत दिवस घालवतो, हा आरोप पुढे आला. तो इतक्या वेळा उगाळला गेला, की आजही सर्वसामान्य वाचकाला वाजिद अली शाह आठवतात ते राज्य गमावणारा विलासी नवाब म्हणूनच. वस्तुतः ते नवाब नव्हते; त्यांच्या घराण्याने १८१९ पासून बादशहा ही पदवी धारण केली होती. परंतु लोकांच्या तोंडी एकदा बसलेले नाव सहसा सुटत नाही.

ज्या नगरीत त्यांचा जन्म झाला, ती त्यांच्याही आधीपासून गाणारी होती. १७७५ मध्ये नवाब आसफ-उद्-दौला यांनी अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. दिल्लीची सत्ता खिळखिळी होत चालली होती, आणि तेथील कवी, कलावंत आश्रयाच्या शोधात पूर्वेकडे निघाले होते. लखनौने त्यांना सामावून घेतले. पंजाबातील उंटवाल्यांच्या गाण्यांपासून घडलेल्या टप्प्याला मैफलीत मानाचे स्थान मिळवून देणारे गुलाम नबी, म्हणजेच शोरी मियाँ, याच शहरातले. मोहरमच्या दिवसांत येथे वाद्यांची साथ न घेता, केवळ कंठाच्या बळावर सोझ गायले जात. त्यांत रागांची शुद्धता इतकी जपली जाई, की ते ऐकण्यासाठी जाणकार मंडळी मुद्दाम मजलिशीला जात. मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांच्या मर्सियांनी त्या दुःखाला काव्याची उंची दिली.

ख्यालाचेही तसेच. ग्वाल्हेर घराण्याची परंपरा ज्या नत्थन पीरबख्श यांच्यापासून मोजली जाते, ते लखनौहून ग्वाल्हेरला गेले असे परंपरा सांगते. त्यांचे नातू हद्दूखाँ आणि हस्सूखाँ. त्यांच्या परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि त्यांनी ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली. आपल्या घरात आजोबा-पणजोबांच्या काळापासून जे गाणे आपले म्हणून ऐकले जाते, त्याच्या वंशवृक्षाची एक मुळी अशी गोमतीच्या काठी जाऊन पोहोचते.

३० जुलै १८२२ रोजी वाजिद अली यांचा जन्म झाला. वडील अमजद अली शाह धर्मपरायण आणि काटेकोर वृत्तीचे होते. आई मलिका किश्वर ही करारी स्त्री होती. तिचा करारीपणा पुढे एका विलक्षण प्रसंगी दिसून आला. राजपुत्राला रीतीप्रमाणे फारसी, काव्यशास्त्र, सुलेखन यांचे शिक्षण मिळाले, पण ओढा पहिल्यापासून लयीकडे. 'अख्तर' हे टोपणनाव घेऊन त्यांनी कविता लिहिली. ठुमरीत हेच नाव 'अख्तर पिया' असे गोड होऊन येते.

युवराज असतानाच, १८४३ च्या सुमारास, त्यांनी राधा-कृष्णाच्या कथेवर एक संगीतनाट्य रचून सादर केले. व्रजातील रासलीला पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती आणि या प्रकाराला त्यांनी 'रहस' असे नाव दिले. उर्दू रंगभूमीचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक आरंभबिंदू म्हणून याच प्रयोगाचा निर्देश करतात. मराठी वाचकाला येथे क्षणभर थांबावेसे वाटेल, कारण सांगलीला विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले तेही १८४३ मध्येच. एकीकडे सांगलीकर पटवर्धनांच्या आश्रयाने, दुसरीकडे लखनौच्या युवराजाच्या बागेत, एकमेकांची वार्ताही नसताना दोन भाषांची नाटके पौराणिक कथा आणि गाणे यांचाच हात धरून उभी राहिली.

१३ फेब्रुवारी १८४७ रोजी वाजिद अली शाह गादीवर बसले. वय २४ वर्षांचे. त्यांच्या कारकिर्दीचा प्रारंभ विलासाने झाला असे समजणे चुकीचे ठरेल. त्यांनी नव्या पलटणी उभारल्या, त्यांना 'बाँका', 'तिरछा', 'घनघोर' अशी कवीला शोभणारी नावे दिली, आणि स्वतः घोड्यावर बसून कवायत पाहण्यास ते जाऊ लागले. सवारीपुढे चांदीच्या पेट्या चालत. कोणाही रयतेने आपली तक्रार त्यात टाकावी आणि राजाने स्वहस्ते ती उघडून वाचावी अशी व्यवस्था होती. रेसिडेंटला राजाचा हा लष्करी उत्साह रुचला नाही. तैनाती फौज असताना राजाला स्वतःचे सैन्य कशाला हवे, असा कंपनीचा हिशेब होता. हळूहळू कवायत थांबली. पेट्याही मागे पडल्या.

येथे १८०१ च्या तहाचे स्मरण ठेवले पाहिजे. त्या तहाने अवधचा जवळजवळ अर्धा मुलूख कंपनीने घेतला होता, आणि उरलेल्या अर्ध्या भागात सल्ला इंग्रजांचा व दोष राजाचा अशी विभागणी करून ठेवली होती. त्याच वर्षी, म्हणजे १८४७ च्या नोव्हेंबरात, गव्हर्नर जनरल हार्डिंग लखनौला आले आणि कारभार सुधारण्यासाठी दोन वर्षांची मुदत देऊन गेले. १८४९ मध्ये आलेल्या स्लीमन या रेसिडेंटने राज्यभर दौरा करून तालुकदारांच्या लुटालुटीचे आणि वसुलीतील अत्याचारांचे जे वर्णन केले, ते सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. रयत गांजलेली होती हे खरेच. त्या दुःखाचे उत्तर राजाकडे नव्हते, आणि ते शोधण्याची चिकाटीही त्यांनी दाखवली नाही. पण राज्य खालसा करावे असे त्या स्लीमनचेही मत नव्हते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

मग राजा आपल्या जगात परतला. १८४८ ते १८५० या काळात त्यांनी कैसरबाग उभारली. मध्यभागी विस्तीर्ण उद्यान, भोवती महाल, मंडप, कारंजी आणि पुतळे असा तो विस्तार होता. येथेच 'परीखाना' होता. निवडक मुलींना त्यात ठेवून गायन, वादन आणि नृत्य यांचे शिक्षण दिले जाई. तालमीसाठी उस्ताद नेमलेले असत आणि शिस्तही कडक असे. या मुलींपैकी अनेक जणी गरीब घरांतून आलेल्या. त्यांच्या इच्छा-अनिच्छेची नोंद कोणी ठेवली नाही. राजाने आपल्या आत्मकथनात या परींविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. ते वाचताना आजच्या वाचकाच्या मनाला अनेक ठिकाणी टोचणी लागते. तथापि, नृत्यसंगीत शिकणाऱ्या स्त्रियांसाठी वेतनावर शिक्षक नेमून चालवलेली अशी तालीमशाळा त्या काळात फारशी कोठे आढळत नाही, हेही तितकेच खरे. या परीखान्यातील 'महक परी' पुढे बेगम हजरत महल झाली.

श्रावणात कैसरबागेत जोगिया मेळा भरे. भगव्या वेषात येणाऱ्या कोणाही नगरवासीयाला त्या दिवशी राजोद्यानाची दारे उघडी असत. ऐंशी वर्षांचे म्हातारेही भगवे नेसून तरुणांत मिसळत, आणि राजा स्वतः मोत्यांची राख अंगाला फासून जोगी बनत असे, असे सांगतात. याच वातावरणात १८५३ च्या सुमारास अमानत या कवीची 'इंदरसभा' लखनौत गाजली. पुढे पारशी नाटक मंडळ्यांनी ती मुंबईपर्यंत पोहोचवली.

ठुमरी वाजिद अली शाह यांनी शोधली, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. हा प्रकार त्यांच्या आधीपासून अस्तित्वात होता. त्यांनी त्याला दरबारी प्रतिष्ठा दिली, स्वतः असंख्य रचना केल्या आणि लखनौला तिचे माहेर बनवले. ठुमरीची घडण समजून घेतली म्हणजे त्यांचे हे काम केवढे होते ते कळते. ख्यालात राग प्रथम. शब्द रागाच्या सेवेला. ठुमरीत शब्दाचा भाव प्रथम, आणि खमाज, काफी, पिलू, झिंझोटी, भैरवी असे लवचिक राग त्या भावाच्या सेवेला. व्रज किंवा अवधी बोलीतील दोन-चार ओळी, बहुधा राधेच्या किंवा विरहिणीच्या मुखीच्या. त्यातील एखादाच तुकडा गायिका पुन्हा पुन्हा घेते. एकदा लाडिक रुसवा, एकदा आर्जव, एकदा उघड वेदना. शब्द तेच असतात, अर्थ मात्र दर वेळी वेगळा उमटतो. लखनौची ठुमरी नृत्याशी बांधलेली होती. सोळा मात्रांच्या त्रितालात, मध्य किंवा द्रुत लयीत ती गायली जाई आणि कथक नर्तक त्याच शब्दांचा भाव चेहऱ्याने, हाताने, बसल्या जागी मांडीत असे. पुढे बनारसने तिची लय संथ केली, तिला ऐसपैस केले. लखनौची मूळ ठुमरी मात्र पायांत घुंगरू बांधूनच वाढली.

कथकाचेही हेच माहेर. ठाकूरप्रसाद आणि दुर्गाप्रसाद या बंधूंचा दरबाराशी निकटचा संबंध होता. ठाकूरप्रसाद हे राजाचे नृत्यगुरू मानले जातात. दुर्गाप्रसाद यांचे पुत्र बिंदादीन आणि कालिकाप्रसाद यांनी लखनौ घराणे नावारूपाला आणले. बिंदादीन महाराजांच्या ठुमऱ्या आजही कथकाच्या शिक्षणात अटळ आहेत. कालिकाप्रसादांचे नातू म्हणजे बिरजू महाराज. सतारीतही या शहराने आपली मुद्रा उमटवली. गुलाम रझा यांच्या नावाने ओळखली जाणारी द्रुत रझाखानी गत येथलीच, आणि तिच्या बोलांची चाल ठुमरीच्या नखऱ्याशी नाते सांगते.

या सर्वांवर टीका करणारे त्या काळीही होतेच. राजाच्या नादाने गंभीर गायकी मागे पडली, हलक्याफुलक्या चिजांना ऊत आला, असे जुन्या उस्तादांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही असे नाही. ध्रुपदाचा अभ्यास त्या दरबारात मंदावला. पण एखाद्या शहराच्या गल्लीबोळांत जी चाल सहज ओठांवर खेळते, तिला शास्त्राच्या शेजारी बसवणे हेही काही लहान काम नव्हे.

४ फेब्रुवारी १८५६ रोजी रेसिडेंट औट्रम नवा तह घेऊन राजवाड्यात आले. राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे सोपवावा, आणि राजाने वर्षासने घेऊन नावापुरते राजेपण सांभाळावे, असा त्याचा आशय होता. वाजिद अली शाह यांनी डोक्यावरील मंदील काढून औट्रमच्या हातांवर ठेवला. जो राजाच उरला नाही, त्याने तह करण्यात अर्थ नाही, अशी त्यांची भूमिका होती. सही मात्र त्यांनी केली नाही. तीन दिवसांची मुदत संपली तरी केली नाही. ७ फेब्रुवारीला राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला. राजाने आपल्या सैन्याला प्रतिकार करू नये असे आधीच बजावले होते, त्यामुळे रक्ताचा थेंबही सांडला नाही. हा भ्याडपणा, की अटळ पराभवात प्रजेची कत्तल टाळण्याचा शहाणपणा? इतिहासकारांचे यावर एकमत नाही. विलासी आणि दुबळा म्हणून ज्याची संभावना झाली, त्या माणसाने त्या तीन दिवसांत सहीपुरता तरी जो ताठा दाखवला, तो मोठमोठ्या संस्थानिकांना दाखवता आला नव्हता.

मार्च महिन्यात त्यांनी लखनौ सोडले. शहर रस्त्यावर लोटले होते. माहेर सोडून निघालेल्या नवरीच्या डोलीचे रूपक असलेली एक भैरवी ठुमरी या प्रसंगी त्यांनी रचली, अशी दृढ समजूत आहे. कागदोपत्री पुरावा कितीही तोकडा असो, लोकांनी ती रचना त्यांना बहाल केली आणि तिच्यावाचून त्यांचे नाव घेणे अशक्य करून टाकले. १९३८ च्या 'स्ट्रीट सिंगर' या चित्रपटात कुंदनलाल सैगल यांनी ती गायली आणि ती देशभर घराघरांत गेली.

कलकत्त्यास पोहोचल्यावर प्रकृती ढासळल्याने राजा तेथेच राहिले. मलिका किश्वर मात्र थांबल्या नाहीत. आयुष्य पडद्यात काढलेली ती वृद्ध राजमाता धाकट्या मुलाला आणि नातवाला घेऊन समुद्रापार गेली, राणी व्हिक्टोरियापुढे गाऱ्हाणे मांडण्यासाठी. एक राणी दुसऱ्या राणीचे दुःख जाणेल, ही तिची आशा होती. तेवढ्यात हिंदुस्थानात उठाव झाला आणि तिच्या अर्जाला कोणी विचारीनासे झाले. परतीच्या वाटेवर जानेवारी १८५८ मध्ये पॅरिस येथे तिचे निधन झाले. तेथील पेर लाशेज दफनभूमीत ती चिरनिद्रा घेत आहे. पुढल्याच महिन्यात धाकटा मुलगाही लंडनला मरण पावला.

इकडे जून १८५७ मध्ये, उठावात भाग घेतला नसतानाही, वाजिद अली शाह यांना फोर्ट विल्यममध्ये कैदेत टाकण्यात आले. सुटका झाली ती १८५९ मध्ये. या काळात लखनौत हजरत महल यांनी आपला अल्पवयीन मुलगा बिर्जीस कद्र याला गादीवर बसवून इंग्रजांशी झुंज दिली. एके काळची महक परी मार्च १८५८ मध्ये शहर पडेपर्यंत लढत राहिली आणि नंतर नेपाळात गेली. कैसरबाग लुटली गेली. परीखान्याच्या भिंती उभ्या होत्या, घुंगरू विखुरले होते.

सुटकेनंतर हुगळीच्या काठावरील मटियाबुर्ज येथे राजाने वर्षाला बारा लाखांच्या तनख्यावर दुसरे लखनौ वसवले. इमामबाडे, बागा, कबुतरे, पतंग, मुशायरे, आणि वाघ-सापांसह मोठे प्राणिसंग्रहालय. या वसाहतीत लहानपण घालवलेले लेखक अब्दुल हलीम शरर यांनी पुढे जुन्या लखनौचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यावाचून आज या संस्कृतीची कितीतरी माहिती हरवली असती. (कलकत्त्याच्या बिर्याणीत बटाटा आला तो याच वसाहतीतून, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. कोणी म्हणतात काटकसर म्हणून, कोणी म्हणतात नवलाई म्हणून. बटाटा मात्र टिकून आहे.)

येथे तानसेनाच्या वंशातील रबाबिये बासत खाँ होते. त्यांच्याकडे शिकलेले नियामतुल्ला खाँ यांनी सरोदाला धातूच्या तारा आणि धातूची पट्टी बसवली, असे सरोदवादकांची परंपरा सांगते. बंगालमधील जाणकारांची मटियाबुर्जला ये-जा सुरू झाली, आणि ठुमरी, कथक, सरोद ही नावे कलकत्त्याच्या हवेत मुरली. राजा स्वतः लिहीतच होते. १८७७ मध्ये त्यांचा 'बन्नी' हा ग्रंथ निघाला. त्यात रहसाचे प्रयोग, त्यांतील हालचाली, वेष, गाणी यांची तपशीलवार नोंद आहे. राज्य गेलेल्या माणसाने आपल्या नृत्यनाट्यांची अशी पाठ्यपुस्तकी मांडणी करावी, यात एक हट्ट दिसतो. कंपनीच्या कागदपत्रांनी ज्याला व्यसन म्हटले, त्याला ते विद्या मानत होते.

सप्टेंबर १८८७ मध्ये त्यांचे देहावसान झाले. मटियाबुर्जच्या सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. त्यानंतर थोड्याच काळात वसाहत मोडली, मालमत्ता विकली गेली, प्राणी पांगले.

गाणे पांगले ते मात्र रुजण्यासाठी. लखनौचे ठुमरीगुरू सादिक अली खाँ यांच्याकडे ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांचे पुत्र भैया गणपतराव शिकले, आणि त्यांनी हार्मोनियमला ठुमरीच्या संगतीत आणले. भैयासाहेबांच्या वादनाचा ठसा कोल्हापूरच्या गोविंदराव टेंबे यांच्यावर उमटला. १९११ मध्ये 'संगीत मानापमान' नाटकाला चाली देताना टेंब्यांनी पूरबी ठुमऱ्यांचा मुक्तहस्ताने उपयोग केला, आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून त्या चाली मराठी माणसाच्या कानी पडल्या. ज्या नाट्यपदांनी आपल्या अनेक पिढ्या घडल्या, त्यांच्या गोडव्यात लखनौचा वाटा असा आहे.

मग उलट दिशेनेही एक प्रवास घडला. मुंबईच्या वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या होत्या. संगीताचे अखिल भारतीय महाविद्यालय हवे, हे त्यांचे स्वप्न साकारण्यासाठी १९२४ आणि १९२५ मध्ये लखनौला संगीत परिषदा भरल्या. राय उमानाथ बली आणि नवाब अली यांच्यासारखे अवधचे रसिक पाठीशी उभे राहिले, आणि १९२६ मध्ये तेथे मॅरिस कॉलेज सुरू झाले. मुंबईचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे पुढे अनेक वर्षे त्याचे प्राचार्य होते, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनी तेथेच अध्यापन केले. राजवाड्यात निवडक मुलींना मिळणारी तालीम आता फी भरून, वेळापत्रकाप्रमाणे, कोणाच्याही मुलामुलीला मिळू लागली. भातखंड्यांचेच नाव धारण केलेली ती संस्था, आज विद्यापीठ झालेली, कैसरबागेत परीखाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत आहे.